टोपीवाल्याची सामायिक

वारूळवाडी
चौमासी चौदशीनंतरचा मंगळवार

चि. पीयूष,

जय जिनेंद्र आणि तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नको. मी बरी हाय, तुझे पप्पा बरे, तुझी आई बरी, माझा गुडघा सोडला तर समदं बरं. फोन असताना पत्र कशाला, तर सांगते. मला ऐकू कमी येतं म्हणून तुझी आई फोनचा लाऊडस्पीकर लावती, मग आपलं बोलणं पार दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत जातं. मागं मी तुला विचारलं, पोट साफ होतं का रे, तर टमाट्याची गाडी भरून निघालेला एक पावणा बाहेरनं वरडला, "आजी, इसबगोल द्या त्याला!" आता जे विचारायचंय ते असं चौकात विचारण्यासारखं न्हाई.

झालं असं. चौमासा बसायच्या आधी माळा झाडून घेतला. एकदा पाऊसकाळ लागला की अडगळीत जीवजंतू होतात, मग हात लावता येत न्हाई. तर तिथं पत्र्याच्या डब्यात तुझी ती डबी सापडली. करड्या रंगाची, सुरतच्या मामांनी आणलेली. डाव्या अंगाला अधिकाची खूण, उजवीकडं दोन जांभळी बटणं. तू चौथीत व्हतास, जेवणाच्या ताटावरबी सोडायचा न्हाईस, आणि मी एकदा ती तांदळाच्या कोठीत लपवली व्हती. आतले सेल पाझरून हिरवे झाले व्हते. चिंचेच्या पाण्याचं फडकं फिरवलं, उन्हात ठेवली, नवे सेल घातले, आणि पीयूष, काय सांगू, लागली की रे! टिंग झालं असंल. मला ऐकू आलं न्हाई, पण हाताला कळलं.

आत एक बारका माणूस हाय. डोक्यावर टोपी, हातात काठी. त्यानं करायचं काय? मी त्याला चालवते तर तो चालतो, बटण दाबलं की उडी मारतो, पण जायचंय कुठं ते कळंना. तू सविस्तर लिही. अक्षर मोठं काढ. मी दुसरीतनं शाळा सोडली, पुढचं वाचायला दुकानाच्या पुड्यांवर शिकले, तवा जोडाक्षरं जरा सांभाळून.

आणि पाकिटावर "धार्मिक परीक्षा" असं लिही. मग इथं कुणी फोडत न्हाई.

तुझी आजी
झमकूबाई


बंगळूर
२१ जुलै

ती. आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र ऑफिसात वाचलं आणि इतका हसलो की शेजारचा विचारायला लागला, घरी लग्न ठरलं का? आजी, तू माझा गेमबॉय चिंचेनं घासलास! आणि तो चालला! माझ्या ओळखीचे लोक असल्या यंत्रांसाठी परदेशातून औषधं मागवतात.

तुला ठाऊक नसेल, मी इंटरनेटवर एक पान चालवतो. या जुन्या हातातल्या खेळांबद्दल कुणाला माहीत नसलेल्या गोष्टी तिथं गोळा करतो. जगभरातले माझ्यासारखे रिकामटेकडे ते वाचतात. आणि आई. तिला खेळातलं काही कळत नाही, पण मी लिहिलेली एक ओळ ती सोडत नाही.

आता तुझ्या उपयोगाचं. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, म्हणून खिडकीशी बसून खेळ. गेम लागला नाही तर मागच्या खाचेतली गेमची पट्टी काढून परत बसव, पण फुंकर मारू नकोस. लहानपणी आम्ही सगळे मारायचो आणि तू ओरडायचीस, "फुंकू नका रे, वाऱ्यातले जीव मरतात!" आजी, तू बरोबर होतीस. फुंकरीतल्या ओलीनं आतलं तांबं खराब होतं, फायदा काही होत नाही.

आणखी एक. त्या पट्टीच्या पोटात एक बारीक चपटा सेल असतो. बाहेरचे चार सेल संपले, काढून टाकले, तरी तो आतला सेल आठवण ठेवतो. कुणी कुठवर गेलं, वाटेत काय केलं, सगळं. म्हणून सुरुवातीला तीन टोप्या दिसतील, एकेका खेळणाऱ्याची एक, त्यातली पहिली निवडू नकोस, ती माझी आहे. तिसरी मोकळी आहे, ती तुझी.

खेळाचं नाव जपानीत आहे. आम्ही त्याला "वाटसरू" म्हणायचो. त्यानं डोंगरावरच्या दरवाज्यापर्यंत जायचं. वाटेत किडे, घुबडं, रानडुकरं येतात, त्यांना काठीनं मारायचं. झोपडी दिसली की आत शिरायचं, म्हणजे तिथवरचं जमा होतं. दरवाज्यापाशी एक मोठं जनावर आहे. ते मारलं की चार ओळी येतात आणि खेळ संपतो. सगळे म्हणतात, शेवट फार भिकार आहे.

खेळ मजेत. पण दुपारची झोप मोडू नकोस.

तुझा
पीयूष


वारूळवाडी
नागपंचमीचा आदला दिवस

चि. पीयूष यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी आई पाकीट बघून म्हणाली, "बाई, या वयात परीक्षा देता?" मी नुसती मान हलवली. मान हलवली म्हणजे खोटं बोलले का? माझ्या मते अर्धं.

तू झोपेचं लिहिलंस म्हणून तुला खरं सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं न्हाई. मी झोपत न्हाई दुपारी. या चौमाशात मी नेम धरलाय, रोज दुपारी एक सामायिक. आता तू बंगळूरला ऱ्हाऊन इसरला असशील म्हणून सांगते. आसनावर बसायचं, तोंडाला मुहपत्ती बांधायची, पाठ म्हणून वाळूची घडी उलटी करायची, आणि दोन घडी, म्हणजे पाऊण तासाच्या वर, मन एका जागी. संसाराचा इचार न्हाई, राग न्हाई, हाव न्हाई, सेलवरच्या वस्तूला बोट न्हाई.

पहिले काही दिवस मी केली. मग डबी खुणवायला लागली. एके दिवशी म्हणलं, जरा बघू, मग बसू. घडीतली वाळू संपली तरी टोपीवाला नाल्यापाशीच. दुसऱ्या दिवशी बी तेच. आता रोज तेच. दार लावते, मुहपत्ती बांधते, वाळू वाहती, आणि मी मांडीवरच्या माळेच्या पिशवीत डबी धरून अंगठा हलवते. पीयूष, मला लई आनंद होतो रे. तुझे आजोबा गेल्यापासनं अशी वाट मी बघितली न्हाई कशाची. सकाळी भाजी निवडताना डोळ्यापुढं तो नाला. पण आनंद झाला की लगेच चोरी केल्यागत वाटतं. पेढा खाताना कुणीतरी बघतंय असं.

तू म्हणलास उजेडात बस, म्हणून मी आसन खिडकीखाली घेतलं. स्थानकातल्या साध्वी महासतीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, आल्या तवा त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "वा! झमकूबाईंनी ईशान्येला तोंड केलं. भाव लागतो, भाव!" जमिनीत शिरावं वाटलं. तिथं उजेड येतो एवढाच माझा भाव.

सेल आणायला जानकूच्या दुकानात जाते. तो म्हणतो, "आजी, आठवड्याला चार सेल! कुठं लावता?" मी म्हणलं टॉर्चला. तो म्हणतो, "एवढी टॉर्च? बिबट्या पाळला का काय?" हे पुरं खोटं. अर्धं न्हाई.

मारायचं मात्र मला जमलं न्हाई. जैनाच्या हातात काठी कशाला दिली तुझ्या जपान्यानं? मी किडा आला की वरनं उडी मारून जाते, डुक्कर आलं की झाडामागं थांबते. लई येळ लागतो. पण एक पाप झालं. नाल्याच्या पलीकडं एक बारका किडा व्हता, गोल, दोन शिंगांचा. उडी चुकली आणि टोपीवाला नेमका त्याच्यावर उतरला. फट्ट. तो चपटा झाला आणि गेला. त्या दिवशी मी गोड खाल्लं न्हाई. तुझ्या आईनं इचारलं, "बाई, पुरणपोळी का नको?" मी म्हणलं, नेम हाय. तर तिनंबी स्वतःची ठेवून दिली.

आता दरवाज्यापाशी पोचले. ते जनावर बिबट्यासारखंच दिसतंय. जवळ गेलं की झेप घेतं आणि मी परत झोपडीत. गेणभाऊ दूध घालायला आला तवा सहज इचारलं, "बिबट्या म्होरं आला तर काय करायचं रे?" तो म्हणाला, "आजी, गेल्या साली उसात मला गाठलं व्हतं. मी उभा ऱ्हायलो. तो बी उभा. मग गेला निघून. लोक म्हणतात, गेणभाऊ लई धीराचा. धीर कसला, पायच उचलंना!"

मारल्याबिगर दरवाजा उघडतो का, तेवढं तुझ्या त्या रिकामटेकड्यांना इचार.

तुझी आजी


बंगळूर
४ ऑगस्ट

ती. आजीस नमस्कार.

विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. मारल्याशिवाय त्या दरवाज्यातून कुणी गेलेलं नाही. खेळातला किडा मेला तर पाप नाही, असं मी तुला सांगणार होतो, पण ते राहू दे. दुसरं सांगायचंय.

तुझं पत्र आलं त्याच रात्री आईचा फोन आला. खूप वेळ बोलली. एरवी ती असं बोलत नाही. म्हणाली, "पीयूष, बाईंकडं बघून मला लाज वाटते. मी सामायिकला बसले की मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, दूध उतू गेल्याचा वास येतो. त्या मात्र दोन घडी दाराआड असतात, हूं का चूं नाही. मला एवढ्या वर्षांत स्थिर बसता आलं नाही, तर मी केलं काय?"

पहिल्यांदा हसायला आलं. मग आलं नाही.

शेवटी ती म्हणाली, बसणं जमत नाही तर निदान उपास करीन. यंदा पर्युषणात ती अठ्ठाई करणार आहे, आठ दिवस नुसतं गरम पाणी. तिला उभं राहिलं की चक्कर येते, मागे रक्त कमी निघालं होतं, डॉक्टरनी एकादशीसुद्धा बंद करायला सांगितली आहे. मी ओरडलो. तर म्हणाली, "बाईंचं बळ घेऊन करीन."

मी तिला काही सांगितलं नाही. ते माझं सांगायचं नाही.

पीयूष


वारूळवाडी
राखीनंतरचा रविवार

चि. पीयूष,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग कपाटात ठेवलं, मग काढून परत वाचलं. जोडाक्षरं समदी लागली.

मी ठरवलं की सांगायचं. सकाळी सैपाकघरात गेले. तुझी आई भाकरी थापत व्हती. मी म्हणलं, "चेतना, ते माझ्या सामायिकचं…" ती म्हणाली, "बाई, तुमी काळजी करू नका, दुपारी मी गिरणीवाल्याला बी येऊ देणार न्हाई." मी म्हणलं, बरं. असं झालं. तोंडात आलेलं परत गिळलं, भाकरीबरोबर.

दुपारी दार लावलं. आसनावर बसले, पिशवीतनं डबी काढली, सुरू केली. टोपीवाला दरवाज्यापाशीच व्हता. तेवढ्यात दाराच्या फटीतनं बघितलं तर तुझी आई पडवीतनं चाललेली. दोन्ही चपला हातात. एका हातात चपला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठावर, बाहेर भाजीवाली आलेली तिला गप्प करत. पीयूष, मी बहिरी हाय. घोडं नाचलं तरी मला ऐकू येत न्हाई. आणि ती माझ्यासाठी अनवाणी चाललेली.

डबी हातातनं गळाली म्हणलं तरी चालंल. मी ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, बंद करायचं सुचलं न्हाई. मुहपत्ती नीट बांधली, खरा पाठ म्हणला, घडी उलटी केली आणि डोळे मिटले. मन काय जाग्यावर व्हतं? न्हाई. चपलाच दिसत व्हत्या. पण हललेबी न्हाई. डबीची चटक लागल्यापासनंची ती पहिली धड सामायिक म्हणायची.

डोळे उघडले तर घडीत थोडी वाळू शिल्लक. सहज नजर कट्ट्यावर गेली. आता ऐक, आणि आजीला भ्रम झाला म्हणू नको. टोपीवाला खाली बसला व्हता. मांडी घालून. काठी बाजूला ठेवलेली. त्याच्या एका अंगाला घुबड, दुसऱ्या अंगाला डुकरं, म्होरं किडे, आणि ते बिबट्यासारखं जनावर त्याच्या पायाशी मान टाकून पडलेलं. कुणी कुणाला काही करत न्हाई. आणि मागं दरवाजा सताड उघडा!

माझा हात असा शिवशिवला म्हणून सांगू! पण सामायिक पुरी व्हायची व्हती. सेलाच्या वस्तूला हात लावला की मोडली. एक खरी केलेली, तीबी मोडू? मी बसून ऱ्हायले. वाळू संपली, शेवटचा पाठ म्हणला, आणि उठून बघते तर पडदा फिका होत होत गेला. सेल संपले.

कुणी पाहिलं न्हाई. मीच एकटी. आणि मी काय करत व्हते ते सांगितल्याबिगर मला हे कुणाला सांगता येत न्हाई. देवानं बरं कोंडीत धरलं.

तुझी आजी


बंगळूर
१६ ऑगस्ट

ती. आजी,

भ्रम नाही! खरं आहे! तुझं पत्र वाचून मी इथं माझ्याकडं असलेल्या दुसऱ्या गेमबॉयवर हाच खेळ लावून दरवाज्यापाशी गेलो, यंत्र टेबलावर ठेवलं, आणि वाट बघितली. काही झालं नाही. टोपीवाला नुसता उभा. मग डोक्यात प्रकाश पडला. मी वाटेतले सगळे मारून आलो होतो. त्याच्याभोवती येऊन बसायला उरलं होतं कोण?

मग तुझ्यासारखं, पहिल्यापासून, कुणाला न मारता गेलो. घाम निघाला. दरवाज्यापाशी हात काढून घेतले, आणि तरी दोनदा मीच मध्ये बोट लावलं, राहवलं नाही. तिसऱ्यांदा स्वतःचे हात मांडीखाली घेऊन बसलो. जवळजवळ एक सामायिक एवढा वेळ. आणि तो बसला, आजी. सगळे आले. आत काय आहे ते मी पाहिलंय, पण सांगणार नाही. ते तुझं आहे.

तुला कल्पना नाही हे काय आहे. इतकी वर्षं लोकांनी हा खेळ उलटापालटा केला, आणि हे कुणाला सापडलं नाही, कारण चालू खेळाला इतका वेळ हात न लावता कुणी बसतच नाही. मला हे माझ्या पानावर लिहायचं आहे. सगळे पहिला प्रश्न विचारतील, कुणाला सापडलं आणि कसं. तू म्हणालीस तर "एका खेळाडूला" एवढंच लिहीन. तुझं नाव लिहिलं, तर कसं सापडलं तेही लिहावं लागेल. आणि आई वाचते.

पर्युषण बुधवारी बसतंय. तिनं निर्णय बदललेला नाही. आजी, नाव द्यायचं की नाही हे सावकाश ठरव. दुसरं सावकाश ठरवू नकोस.

पीयूष


वारूळवाडी
संवत्सरीनंतरचा सोमवार

चि. पीयूष,

तू सावकाश नको म्हणलास, आणि मी सावकाशच केलं. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला तोंड ऱ्हाईल.

पहिल्या दिवशी म्हणलं, एक दिवस तर सगळेच करतात. दुसऱ्या दिवशी ती चांगली चालत-बोलत व्हती. मी म्हणलं, जमतंय तिला, उगा कशाला इघ्न. तिसऱ्या दिवशी स्थानकातनं व्याख्यान ऐकून आली, पायरीवर वाकून चप्पल काढायला गेली आणि तशीच बसली. मग आडवी झाली. तुझ्या पप्पांनी दुकानातनं धाव घेतली, गेणभाऊनं उचलायला हात लावला. तोंड असं पांढरं, पिठासारखं. तुला फोनवर "जरा चक्कर आली" एवढंच सांगितलं ना तिनं? जरा न्हाई व्हती.

डॉक्टर आले, म्हणाले, आत्ता काहीतरी पोटात गेलंच पायजे. ती मान हलवती, नको. डोळे मिटूनच म्हणती, "बाई माझ्यापाशी बसा. तुमच्याकडं बघून मी करीन."

तवा मी बोलले. समद्यांना बाहेर काढलं आणि बोलले. माझा आवाज बहिरीचा, मोठा, तवा पडवीतल्या लोकांनी ऐकलंच असंल. डबी, सेल, टॉर्च, खिडकी, ईशान्य, परीक्षेचं पाकीट, पुरणपोळी, चपला. पिशवीतनं डबी काढून तिच्या उशाशी ठेवली. म्हणलं, "ज्या बळावर तू उपाशी हायेस, ते हे बळ. चार सेलांचं."

तिनं डोळे उघडून डबी बघितली. मग म्हणाली, "मी तुमच्यावर जळत व्हते, बाई. रोज. जळते म्हणून स्वतःला शिव्या देत व्हते. ते पाप धुवायला ही अठ्ठाई धरली." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मुगाचं पाणी प्यायली, पण माझ्या हातचं न्हाई. तुझ्या पप्पांच्या हातचं.

पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. "ताट वाढलंय." "औषध घ्या." मी दुपारी सैपाकघरात भांडी लावत बसायची, मला काय कुठं ठेवायचं कळत न्हाई, ती येऊन मुकाट्यानं परत जाग्यावर लावायची.

संवत्सरीला, पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी प्रतिक्रमणाचा पाठ झाला. तुला माहीत हाय, मग जो तो ज्याला त्याला हात जोडतो. वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असंल तर खमतखामणा, माफ कर. कशाबद्दल ते कुणी सांगत न्हाई, कुणी इचारत न्हाई. शंभर लोकांना म्हणायचं असतं, येळ कुठं असतो. तर चेतना म्होरं आली, हात जोडले, खाली बघून म्हणाली, "खमतखामणा, बाई." मी म्हणलं, "थांब. माझं नुसतं असं न्हाई व्हायचं." आणि तिथं, समद्यांत, एकेक गोष्ट घेऊन माफी मागितली. चपलांबद्दल. पुरणपोळीबद्दल. तीन दिवस गप्प बसले त्याबद्दल. बायका थांबून बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या नेमाचा बहुमान व्हायचा व्हता, शाल आणली व्हती. ती बी मी तिथंच नको म्हणलं. महासतीजींना सांगितलं, ईशान्येला उजेड येत व्हता, भाव न्हाई, डबी आल्यावर खरी सामायिक एकच झाली. त्या म्हणाल्या, "एक झाली ना खरी? तिथनं धरा."

घरी येताना चेतनानं माझ्या कोपराला धरलं. चिखल व्हता, म्हणून धरलं असंल. पण घर आल्यावर बी सोडलं न्हाई.

काल रविवार. जेवणं झाल्यावर ती डबी घेऊन पडवीत आली. नवे सेल घातलेले. म्हणाली, "दाखवा मला. एवढं काय हाय त्यात?" मी म्हणलं, "सामायिक घ्यायची न्हाई हां. नुसतं बसायचं. दोन्ही गोष्टी मी आता एका आसनावर करणार न्हाई." ती म्हणाली, "मला तेच म्हणायचं व्हतं."

बसलो दोघी. टोपीवाल्याला दरवाज्यापाशी नेलं आणि डबी मधी ठेवली. येणारे जाणारे बघत व्हते, बघू देत. थोड्या येळानं तिचं बोट निघालं डबीकडं. मी तिचा हात धरून ठेवला. ती म्हणाली, "तुमचाच हात डबीकडं ओढतोय." मी म्हणलं, "म्हणूनच तुझा धरला." कुकर झाला असंल आत, मला ऐकू आला न्हाई, पण तिचे खांदे हलले. उठली न्हाई मात्र. तुझी आई बसली, पीयूष, पार शेवटपर्यंत. स्थिर बसता येत न्हाई म्हणे!

टोपीवाला खाली बसला. समदे आले. दरवाजा उघडला. मी डबी तिच्या हातात दिली, म्हणलं, "तू जा आत."

आत खजिना न्हाई, काही न्हाई. तोच रस्ता. टोपीवाल्याच्या हातात काठी न्हाई आणि तोंड मागं फिरलेलं. आला त्याच वाटेनं परत जायचं. आणि वाटेत जो भेटंल, डुक्कर म्हणू नको, घुबड म्हणू नको, त्याच्या म्होरं तो आपोआप थांबतो, टोपी काढून वाकतो, मग पुढं. चेतना म्हणाली, "अगं बाई, हा तर खमतखामणा करतोय!" आणि हसली. इतक्या दिवसांनी हसली. मी बी हसले.

मग नाला आला. नाला ओलांडला की ती जागा. मला ठाऊक व्हतं आणि मी गप्प बसले व्हते. तू लिहिलं व्हतंस ना, आतला सेल समदं ध्यानात ठेवतो. टोपीवाला तिथं थांबला. तिथं कुणी न्हाई. किडा न्हाई. मोकळी माती. तो टोपी हातात घेऊन उभाच ऱ्हायला, वाकंना, पुढं जाईना. चेतनानं बटणं दाबून बघितली. म्हणाली, "बाई, अडकला का हो हा? इथं कोण व्हतं?"

मी सांगितलं कोण व्हतं.

तिनं बटणं सोडली. डबी खाली ठेवली. आमी दोघी तशाच बसलो. लई येळानं टोपीवाल्यानं स्वतःच टोपी घातली आणि चालायला लागला. वाकला न्हाई. कुणापुढं वाकणार?

नाव दे माझं. पुरं दे, झमकूबाई, वारूळवाडी, आणि कसं सापडलं ते समदं लिही. किड्याचं बी लिही. तुझी आई म्हणती, मी वाचणारच हाय, चुका काढीन.

आता पत्र पुरं करते. ऊन उतरलंय, जानकूचं दुकान उघडलं असंल. त्याला सांगायचंय, टॉर्च नव्हती. चेतना चपला घालून दारात उभी हाय. म्हणती, चला, मी बी येते.

तुझी आजी
झमकूबाई